प्रोग्रेसिव्ह चष्मा करायला जाण्याआधी

प्रोग्रेसिव्ह म्हणजे लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणारा चष्मा. तो करताना आधी खूण. बाकीचं मागाहून सांगते. फ्रेम तुमच्या नाकावर असताना समोरच्या माणसाने बारीक टोकाच्या मार्करने दोन्ही काचांवर, बरोबर डोळ्याच्या बाहुलीसमोर, एकेक ठिपका काढला पाहिजे. फ्रेम काउंटरवर ठेवून नाही. तुमच्या नाकावर. बाकी सगळं विसरलात तरी निभेल, हे विसरू नका.

माझी नणंद येत्या रविवारी प्रोग्रेसिव्ह करायला जाणार आहे. "वहिनी, काय काय बघून घेऊ?" म्हणून तिने फोन केला आणि मी अर्धा तास बोलत सुटले. शेवटी तीच म्हणाली, लिहूनच पाठव. म्हणून हे लिहिलंय, तिच्यासाठी आणि चाळिशी लागलेल्या सगळ्यांसाठी.

माझं काय झालं होतं ते ऐका. मी बँकेत काउंटरला बसते. दिवसभर माझी तीन अंतरं: काचेपलीकडचा माणूस, स्क्रीन आणि हातातला चेक नाहीतर पासबुक. वाचायचा चष्मा लावून वर पाहिलं की माणूस धूसर, काढला की चेकवरची अक्षरी रक्कम दिसत नाही. चढव-उतरव करून कंटाळले आणि दोन वर्षांपूर्वी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात १४ हजार रुपये मोजले. दुकान चकाचक, एसी, चहासुद्धा विचारला. तिथल्या मुलाने दोन डोळ्यांमधलं अंतर यंत्रात बघून घेतलं. मी फ्रेम पसंत केली, ती काउंटरवर ठेवून त्याने पट्टी लावली, कागदावर काहीतरी खरडलं, आणि झालं. आठ दिवसांनी चष्मा आला. लांबचं छान दिसत होतं. स्क्रीन वाचायला मात्र हनुवटी वर, पासबुक वाचायला आणखी वर. संध्याकाळपर्यंत मान अशी आखडायची की पार्किंगमधून गाडी मागे काढताना वळून बघता येईना. परत गेले तर, "काकू, पहिलाच प्रोग्रेसिव्ह आहे ना? पंधरा दिवसांत सवय होईल." पंधरा दिवसांनी गेले तर, "अजून थोडे दिवस घाला." घातला. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून घातला.

दीड महिन्याने कोथरूडमधल्या एका ऑप्टोमेट्रिस्ट (डोळ्यांचा नंबर तपासणाऱ्या) बाईंकडे गेले. त्यांनी काही बोलायच्या आत मार्कर काढला, चष्मा माझ्या नाकावर होता तसाच ठेवून दोन ठिपके दिले, मग तो उजेडात तिरका धरून भिंगावरच्या कोरीव खुणा शोधल्या आणि मोजलं. भिंगाची जी जागा बाहुलीसमोर यायला हवी, ती ४ मिलिमीटर खाली बसली होती. मुगाच्या एका दाण्याएवढं अंतर, त्यासाठी दीड महिना मान. आणि दुकानाची भिंग बदलून द्यायची मुदत होती एक महिना.

हे का होतं तेवढं समजून घ्या, म्हणजे दुकानात हट्ट धरायला बळ येईल. या भिंगात वर लांबचा नंबर असतो, खाली वाचायचा, आणि मध्ये नंबर हळूहळू बदलत जाणारी एक चिंचोळी वाट. बायफोकलसारखी रेघ नसते, त्यामुळे कुठे काय आहे ते आपल्याला दिसत नाही. ते मापानेच बसवावं लागतं. ही वाट साधारण ११ ते १८ मिलिमीटर लांबीची. त्यात ४ मिलिमीटर चुकले तर उरलं काय? भिंग खाली बसलं की वाचायला मान वर करावी लागते. वर बसलं की समोरचा रस्ताच धूसर होतो आणि मान खाली घालून चालावं लागतं. आडवं चुकलं तर वाचायचा भाग दोन्ही डोळ्यांना एकदम सापडत नाही, एकाच डोळ्याने वाचल्यासारखं होतं. म्हणून म्हणते, खूण.

आता घरून निघण्याआधीचं. नंबर ताजा हवा, हे सांगायला नको. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असताना डोळे तपासा. साखर वरखाली होत असली की नंबरही हलतो. आमच्या सासऱ्यांचा त्या धांदलीत केलेला चष्मा अजून कपाटात तसाच पडून आहे. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या असतील त्या दिवशी वाचायचा नंबर काढून घेऊ नका. जुना चष्मा सोबत न्या.

मग टेप. शिवणाची चालेल. जवळचा नंबर सहसा ४० सेंटिमीटरवर तपासतात, आपण पुस्तक धरतो त्या अंतरावर. माझा बँकेतला स्क्रीन मोजला तर ६६ वर निघाला. हिशेब सोपा आहे, १०० ला सेंटिमीटरने भागायचं. ४० वर अडीचची ताकद लागते, ६६ वर साधारण दीडची. एका नंबराचा फरक! वय वाढून डोळ्याची स्वतःची ताकद संपत आली असेल तर वाचायच्या भागातून स्क्रीन धूसरच दिसणार. तो मधल्या वाटेतून बघायचा असतो, आणि तीच सगळ्यात अरुंद. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत मांडला असेल तर कितीही चांगल्या चष्म्यातून मान वर होणारच, तो खाली घ्या. दिवसाचे आठ तास स्क्रीनच असेल तर ऑफिस भिंगाबद्दल विचारा. त्यात मधलं आणि जवळचं ऐसपैस मिळतं, पण लांबचं नाही, ते घालून गाडी चालवायची नाही. ही अंतरं चिठ्ठीवर लिहून न्या आणि दुकानात वाचून दाखवा. दिवसभर काय करता तेही सांगा. गाडी चालवता का, भरतकाम करता का, झोपून मोबाइल बघता का. उशीने चष्मा वर सरकतो, मग कुठली वाट आणि कुठलं काय. वरच्या फळीवरच्या डब्यावरची चिठ्ठी तर यातून वाचता येणारच नाही, कारण वर पाहिलं की तुम्ही लांबच्या भागात जाता. स्टुलावर चढा.

फ्रेमचं बघा. डोळ्यांपुरती अरुंद फ्रेम घेऊ नका, कितीही शोभत असली तरी. काचेची उभी उंची २८-३० मिलिमीटर तरी हवी, नाहीतर काच कापताना खालचा वाचायचा भागच कापला जातो आणि ज्यासाठी पैसे दिले तेच कचऱ्यात जातं. माझी पहिली फ्रेम २६ ची होती. "तुमच्या चेहऱ्याला शोभते काकू," म्हणाला, आणि मीही भुलले. नाकावर पॅड असलेली घेतलीत तर बरं, पुढे थोडी वरखाली करता येते. मुख्य म्हणजे ती घसरता कामा नये. एप्रिल-मेच्या घामात फ्रेम २ मिलिमीटर घसरली की तुमची खूणही २ मिलिमीटर घसरली. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी दुकानदाराने काड्या वाकवून, पॅड दाबून फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर बसवायची, आणि मग खूण. उलट नाही. "चष्मा तयार झाला की बसवून देतो" हे ऐकून घ्यायचं नाही. तेव्हा बसवला की खुणा हलल्याच म्हणून समजा.

आणि आता पुन्हा तेच, कारण इथेच मी माती खाल्ली. खूण करताना तुम्ही नेहमीसारखं बसा. फोटो काढायला बसल्यासारखं ताठ नको, हनुवटी उचलून तर नकोच. खूण करणाऱ्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या पातळीत हवेत. तुम्ही खुर्चीत आणि तो उभा असेल तर ठिपका चुकणारच, त्याला स्टूल घ्यायला सांगा. नव्या फ्रेममध्ये जी नकली काच असते तिच्यावर ठिपका काढायचा. नसेल तर फ्रेमला सेलोटेप चिकटवून त्यावर. नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं माप दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं घ्यायचं. नाक काही कोणाचं बरोबर मध्यावर नसतं. माझं उजवीकडे ३१ मिलिमीटर, डावीकडे साडेएकोणतीस. पहिल्या दुकानाने साडेसाठाचे सरळ दोन भाग केले होते. "आमच्या मशीनमध्ये सगळं येतं मॅडम," असं म्हणतील. बाहुल्या मोजायच्या त्या यंत्रात आडवं माप येतं, उंची येत नाही. उंची तुम्ही निवडलेल्या फ्रेमवर आणि ती नाकावर कुठे बसते त्यावर ठरते, ते त्या यंत्राला कसं कळणार? काही ठिकाणी टॅबने फोटो काढून माप घेतात, ते चालेल, पण तीच फ्रेम, बसवून झालेली, चेहऱ्यावर असताना. ठिपके झाले की फ्रेम काढा, दोन मिनिटं इकडेतिकडे बघा, परत घाला आणि आरशात पाहा. ठिपके बाहुल्यांसमोर आहेत? नसतील तर पुन्हा. मागे चार गिऱ्हाइकं उभी असली तरी पुन्हा. लाजू नका, मी लाजले होते. आणि हो, रविवारी संध्याकाळी जाऊच नका, तिथे कोणाला तुमच्यासमोर स्टूल घेऊन बसायला वेळ नसतो. आमच्या नणंदबाईंनी हे नीट वाचावं.

भिंग कुठलं, यावर दुकानदार तासभर बोलेल. महागात बाजूचा धूसरपणा कमी असतो, वाट जरा रुंद असते, एवढं खरं. पण तो धूसरपणा मुळातच जात नाही. १९५९ साली फ्रान्समध्ये वॅरिलक्स नावाने हे भिंग बाजारात आलं, तेव्हापासून तो कमी करायची खटपट चालू आहे. वरून खाली नंबर बदलत नेला की बाजूला विकृती येणारच, आणि वाचायचा नंबर जितका जास्त तितकी ती जास्त. म्हणून आपल्याला परवडेल त्यातलं मधलं घ्या. ३० हजारांचं भिंगसुद्धा खूण चुकली की घरात पडून राहतं.

बिलावर भिंगाचं पूर्ण नाव, दोन्ही डोळ्यांचे नंबर, दोन्ही बाजूंची मापं, खुणेची उंची आणि सवय न झाल्यास बदलून द्यायची मुदत, हे सगळं लिहून घ्या. तोंडी "बघू ना काकू" चालणार नाही. नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला आहे, तेही बघा.

चष्मा घ्यायला जाल तेव्हा भिंगांवर छापलेल्या खुणा पुसू देऊ नका. तो मुलगा फडकं घेऊन तयारच असतो. आधी घाला. त्यातला छोटा क्रॉस बाहुलीवर येतो का ते बघा, मगच पुसा. पुसून झाल्या असतील तर काचेवर वाफ सोडा. एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर दोन कोरीव खुणा दिसतील, कानाकडच्या खुणेखाली वाचायचा वाढीव नंबर असतो. दुकानदाराकडे त्या भिंगाचा तक्ता असतो, त्यावर ठेवून क्रॉसची जागा परत काढता येते. काढून मागा.

घरी आल्यावर: बाजूचं बघायला डोळे नाही, मान वळवा. जिना उतरताना हनुवटी खाली. पहिल्या दिवशी गाडी नको, सिव्हिल कोर्टाच्या मेट्रो स्टेशनचा तो लांबलचक सरकता जिनाही नको. जुना चष्मा आलटूनपालटून घालू नका. जमीन डुगडुगते, कडा वाकड्या दिसतात, ते आठ-पंधरा दिवसांत जातं. पण वाचायला हनुवटी वर करावी लागत असेल तर ती सवय नाही, ते माप आहे. आठवड्यात परत जा, बिल घेऊन, मुदतीची तारीख कॅलेंडरवर मारून. फारच टोलवाटोलवी झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ओढणीने पुसू नका. डबीत ठेवा. बाकी तुम्हाला ठाऊक आहेच, मी दमले.

दुकानात मार्कर सापडत नाही, असं एका ठिकाणी खरंच सांगितलं होतं मला. सीडीवर लिहायचा बारीक टोकाचा एक माझ्या पर्समध्ये आहे. शनिवारी नणंदेकडे पोचवते.