कोथिंबीर कधी पेरायची? आधी मातीला हात लावा

गेल्या मार्चात हौसेनं टाकलेली कोथिंबीर वीतभर वाढायच्या आतच फुलावर आली. बियाण्याला दोष देऊन मी मोकळा झालो. दिवाळीनंतर त्याच पिशवीतले उरलेले धने टाकले, तर पेंढ्या मुठीत मावेनात!

कोथिंबिरीला २० ते २५ अंश मानवतात. पारा तिशीपलीकडं गेला, दिवस मोठा झाला, की तिला बी धरायची घाई होते. पानं बडीशेपेसारखी बारीक, देठ निबर, वास उतरलेला. म्हणून आधी ठरवा, पाला हवा की धने.

धन्यांसाठी पेरा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे स्वातीच्या आसपास. पण शेजाऱ्याची तारीख उचलू नका. बेळगाव जिल्ह्यातच बघा, खानापूरकडं पाऊस जास्त, तिथं वापसा (माती पेरणीजोगी सुकणं) उशिरा येतो. अथणीच्या कोरड्या रानात थांबलात तर ओल उडून जाते. दुपारी दोन बोटं खोल माती चाचपा. कोमट लागली तर आठवडाभर थांबा. (तापाचा थर्मामीटर खुपसू नका, तो ३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही.)

आता बी. अख्खा धना म्हणजे जोडीनं चिकटलेल्या दोन बिया. पोत्यावर पसरून चपलेनं हलकं रगडा, दोन डाळिंब्या सुट्या झाल्या की थांबा. भुगा झाला तर तो आमटीत घाला. रात्रभर भिजवून सावलीत सुकवा. वाफ्यात वीतभर अंतरानं ओळी ओढून दीड-दोन सेंटीमीटर खोल पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, कडक थंडीत पंधरवडाही लागतो.

पाला हवा असेल तर सगळं रान एकदम पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एकेक वाफा टाका, चाळीस दिवसांत काढा. एप्रिल-मेमध्ये मक्याच्या सावलीला किंवा शेडनेटखालीच जमतं, आणि तेही जेमतेम. माळव्याच्या (भाजीपाल्याच्या) बाजारात तेव्हा भाव चढतो तो यामुळंच.

धन्याचं पीक फुलावर असताना आभाळ आलं, तर पानं उलटून मावा (रस शोषणारी बारीक कीड) बघा. भुरीही (पानांवरची पांढरी बुरशी) याच दिवसांत येते. हिरव्या धन्याला पाल्यासारखा उग्र वास असतो, पिकताना तो गोडसर होत जातो. निम्मे धने पिवळे पडले, की दव असतानाच कापा. ऊन चढल्यावर ते रानातच गळतात.