ड्रायर, स्ट्रेटनर, कर्लर: केस करपू नयेत आणि यंत्रंही टिकावीत म्हणून

स्ट्रेटनरच्या प्लेट्स बटेवर मिटल्या आणि ‘चर्र’ असा आवाज आला, तर तिथेच थांबा. केस वरून कोरडे लागत असले तरी आतून ओले आहेत, हे तो आवाज सांगतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि प्लेट असते १८० अंशांवर. केसात मुरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ती केसाला आतूनच फुगवते. असा केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात चक्क बुडबुडे दिसतात. बुडबुड्याच्या जागी केस पोकळ झालेला असतो, आणि पुढे कधीतरी कंगवा फिरवताना तो नेमका तिथेच तुटतो. तेल, मास्क, सीरम यांपैकी कशानेही ती पोकळी भरत नाही. तेवढा केस कापून टाकण्यावाचून इलाज नाही.

केस बिघडले की दोष तापमानाला दिला जातो. तापमानाचा वाटा आहेच, पण घरगुती वापरात जास्त केस खराब होतात ते ओलसर केसांवर स्ट्रेटनर लावल्याने आणि एकाच बटेवरून चार-चार वेळा तो ओढल्याने. या दोन सवयी सुटल्या तर साधं यंत्रही चांगलं काम देतं.

आकार येतो कुठून

केस केराटिन या प्रथिनाचा असतो. त्याचे धागे एकमेकांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध नाजूक असतात; पाण्याने आणि उष्णतेने ते सुटतात, वाळताना आणि थंड होताना पुन्हा जुळतात. ड्रायर, स्ट्रेटनर, कर्लर यांचा सारा खेळ एवढ्याच बंधांवर चालतो. म्हणूनच सकाळी सरळ केलेले केस दमट हवेत दुपारपर्यंत मूळ पदावर येतात. सलूनमध्ये होणाऱ्या कायमच्या स्ट्रेटनिंगमध्ये रसायनं लावून सल्फरचे घट्ट बंध तोडतात. ते काम घरच्या यंत्राचं नाही, आणि तापमान वाढवूनही ते होत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची: आकार पक्का होतो तो केस थंड होताना. गरम बटेला लगेच कंगवा लावला की निम्मी मेहनत पाण्यात.

तापमान किती ठेवायचं? पातळ, रंगवलेल्या किंवा ब्लीच केलेल्या केसांना १३० ते १५० अंश पुरतात. मध्यम पोताच्या केसांना १६० ते १८०, आणि जाड, राठ केसांना १८० ते २००. यंत्रावर २३० चा आकडा असतो, पण तो काही सलून-उपचारांसाठी. रोजच्या वापरात २०० च्या पुढे गेलात तर बंध सुटण्यावर न भागता केराटिनच करपू लागतं. नेहमी आपल्या गटातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करा आणि एका फेऱ्यात काम होत नसेल तरच १० अंशांनी वाढवा. ज्या स्ट्रेटनरवर तापमानाचा आकडाच नाही, तो विकत घेऊ नये. तो किती तापलाय हे कळायला केस जळण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो.

ड्रायर

केस धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि घर्षणाने त्याच्यावरचे खवले उचकटतात. मऊ पंचात किंवा जुन्या सुती टी-शर्टात केस धरून नुसते दाबा, पाणी टिपून घ्या. जाड दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर वर जात गुंता काढा. मग केस अर्ध्याहून जास्त वाळेपर्यंत तसेच सोडा आणि उरलेल्या ओलीसाठी ड्रायर हातात घ्या.

अंतर साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडं कमी. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी केसांवर प्रयोग केले, तेव्हा १५ सेंटिमीटरवर हवेचं तापमान ४७ अंश भरलं, १० सेंटिमीटरवर ६१ आणि ५ सेंटिमीटरवर ९५. म्हणजे ड्रायर १५ सेंटिमीटरवरून ५ वर आणला की तापमान जवळपास दुप्पट. त्याच प्रयोगात १५ सेंटिमीटर अंतर ठेवून, ड्रायर सतत हलता ठेवून वाळवलेल्या केसांच्या आतल्या थराला इजा झाली नाही, आणि आपोआप वाळू दिलेल्या केसांच्या त्या थरात मात्र बिघाड दिसला. तासन्‌तास ओलं राहणंही केसाला मानवत नाही. ‘ड्रायर वाईट, नैसर्गिक चांगलं’ इतकं सरळ हे गणित नाही.

हवेची दिशा नेहमी मुळांकडून टोकांकडे. केसावरचे खवले कौलांसारखे टोकाकडे उतरते असतात. उलटी हवा मारली की ते उभे राहतात, केस पिंजारतात आणि चमक जाते. चपट्या तोंडाचा नोझल लावला तर हवा एका रेषेत येते आणि ही दिशा पाळणं सोपं जातं. कुरळ्या केसांना नोझल नको, वाडग्यासारखा डिफ्यूझर लावा. वेग कमी, उष्णता मध्यम, आणि केस वाडग्यात खालून वर उचलून धरायचे. तेव्हा हात लावू नका, नाहीतर कुरळ्या बटा सुटून केस फुलतात.

स्ट्रेटनर लावण्याआधी केस खरंच वाळलेत का, हे तपासायची एक साधी युक्ती आहे. गरम केस हाताला कोरडेच भासतात, त्यामुळे तेव्हा केलेली तपासणी फसवी. ड्रायरचं थंड हवेचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग मानेवरचे व कानामागचे केस मुळाशी चिमटीत धरा. गार लागले तर ओल आहे. याच दोन जागा शेवटी वाळतात, आणि हमखास चुकतात त्याही याच.

स्ट्रेटनर

उष्णतेपासून बचावासाठी केसांवर मारायच्या फवाऱ्यात, म्हणजे हीट प्रोटेक्टंटमध्ये, मुख्यतः सिलिकोन असतात. ते केसावर पातळ थर धरतात, उष्णता आत शिरण्याचा वेग कमी करतात आणि प्लेट केसावरून सहज घसरते. संरक्षण पूर्ण मिळत नाही, पण न लावण्यापेक्षा बरंच बरं. फवारा २० सेंटिमीटरवरून मारा, कंगव्याने पसरवा आणि पूर्ण वाळू द्या. घाईने लगेच प्लेट लावली तर ‘चर्र’ आवाज त्याचाही येतो आणि परिणाम तोच. खोबरेल तेल हा पर्याय नव्हे. तेल लावून स्ट्रेटनर फिरवला की तेलच तापतं आणि प्लेटवर किटण चढतं.

केसांचे चार भाग करून क्लिपने बांधा आणि मानेपासून सुरुवात करा. बट प्लेटच्या रुंदीपेक्षा थोडी अरुंद आणि इतकी पातळ घ्या की पलीकडची बोटं अंधुक दिसावीत. जाड बट घेतली की वरचे केस भाजतात, मधले थंडच राहतात, आणि मग पुन्हा पुन्हा फेरे मारावे लागतात. वेळ वाचवायला घेतलेली जाड बट शेवटी जास्त वेळ खाते.

प्लेट्स मुळापासून दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर मिटा. दुसऱ्या हाताने बट हलकी ताणून धरा आणि एका संथ, अखंड गतीने टोकापर्यंत या. खांद्यापर्यंतच्या केसाला मुळापासून टोकापर्यंत साधारण आठ-दहा सेकंद लागावेत. मध्ये थांबलात की तिथे आडवी घडी पडते आणि तेवढाच भाग दुप्पट भाजतो. टोकाशी मात्र दाब सैल करा. तो भाग सगळ्यात जुना, आधीच झिजलेला असतो, फाटेही तिथेच फुटतात. एक फेरा, फार तर दोन. दोनातही जमत नसेल तर बट जाड आहे, केस ओले आहेत किंवा प्लेट्स नीट मिटत नाहीत.

हे शेवटचं तपासायला थंड स्ट्रेटनर मिटून उजेडासमोर धरा. एका बाजूने फट दिसली तर त्या जागी केस निसटतात आणि दुसऱ्या बाजूला दाबले जातात. प्लेटच्या कडेचा थर उडालेला असेल तर त्यावर केस अडकून तुटतात. असा स्ट्रेटनर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

कर्लर

रॉड जितका बारीक तितका वेढा घट्ट. १९ मिलिमीटरला स्प्रिंगसारखे बारीक कुरळे केस, २५ ला मध्यम, ३२ ला मोकळ्या लाटा, ३८ ला टोकांना नुसता बाक. केस थंड झाल्यावर वेढा थोडा सैल होतोच, म्हणून जसा वेढा हवा असेल त्यापेक्षा एक माप बारीक रॉड निवडा. बट गुंडाळून पाच ते आठ सेकंद धरा. सोडताना ओढू नका. चिमटा उघडून रॉड खाली सरकवून काढा आणि वेढा तसाच तळहातावर झेला, किंवा क्लिपने डोक्याशी अडकवून गार होऊ द्या. सगळे वेढे थंड झाल्यावरच बोटांनी मोकळे करा. हेअर स्प्रे सगळ्यात शेवटी, यंत्र बंद करून: बहुतेक स्प्रे ज्वालाग्राही असतात.

स्वच्छता आणि देखभाल

ड्रायर चालता चालता बंद पडतो, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतो. बहुतेक वेळा यात बिघाड काही नसतो, मागची जाळी तुंबलेली असते. पंखा मागून हवा ओढतो आणि अभ्रकाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेल्या निक्रोमच्या तापणाऱ्या तारेवरून पुढे ढकलतो. जाळीत केस आणि धूळ साचली की हवा कमी येते, तार जास्त तापते आणि थर्मोस्टॅट वीज तोडतो. हेच वारंवार होऊ दिलं तर एक दिवस आतला फ्यूज जातो आणि ड्रायर पुन्हा सुरूच होत नाही. जळका वास हीसुद्धा याचीच आधीची सूचना.

जाळी आली आहे का भरून, हे पाहायला थंड हवेवर ड्रायर चालवून मागे टिश्यू पेपर धरा. तो चिकटून राहिला तर ओढ चांगली आहे. गळून पडला तर प्लग काढा, जाळी फिरवून सोडवा आणि जुन्या टूथब्रशने कोरडीच झाडा. जाळी निघत नसेल तर चिमट्याने धागे उपसा. रोज वापर असेल तर हे दर पंधरवड्याला, नाहीतर महिन्यातून एकदा. ड्रायरच्या आत पाणी किंवा ओला कपडा नको.

स्ट्रेटनरच्या प्लेटवरचं तपकिरी किटण म्हणजे भाजून घट्ट झालेलं सीरम आणि स्प्रे. त्यामुळे प्लेट खरखरीत होते आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, प्लग काढून, कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. गरम प्लेटला अल्कोहोल लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. जुना थर एका दमात निघत नाही. ओला कापूस दोन-तीन मिनिटं प्लेटवर ठेवून मग पुसा. ब्लेड, तारेची घासणी, भांड्यांची पावडर यांना हात लावू नका, सिरॅमिकचा थर एकदा खरवडला की गेला.

ब्रशमधले केस दर आठवड्याला कंगव्याच्या शेपटीने काढा. गादीचा ब्रश पाण्यात बुडवू नका, छिद्रातून आत गेलेलं पाणी तिथेच सडतं. कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब घालून फक्त दात धुवा आणि दात खाली करून वाळवा.

सगळ्यात आधी मरते ती वायर. काम झालं की ती यंत्राभोवती करकचून गुंडाळायची सवय घराघरांत आहे, आणि दांड्यातून वायर बाहेर येते त्या मानेशी आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. उरलेल्या तारांवर भार येऊन ती जागा तापते. चालू असताना तिथे वायर कोमट लागली, किंवा वायर हलवल्यावर यंत्र बंद-चालू झालं, तर वापर तिथेच थांबवा. चिकटपट्टी लावून भागत नाही. वायरचे सैल, वीतभर वेढे करून वेगळे बांधा, आणि प्लग काढताना वायर न ओढता प्लगच धरा.

वीज, पाणी, प्रवास

२००० वॅटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर तो लावू नका. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर हे आधीच होत आलंय असं समजा. न्हाणीघरात ड्रायर वापरूच नये. बटण बंद असलं तरी प्लग सॉकेटमध्ये असेपर्यंत आत वीज असते. तो पाण्यात पडला तर उचलायला हात घालू नका, आधी मेन स्विच बंद करा. स्ट्रेटनर बंद केल्यावरही बराच वेळ चटका देण्याइतका गरम राहतो; तो उष्णतारोधक मॅटवर, मुलांच्या हाताला न लागेल असा, वायर खाली लोंबू न देता ठेवा. चटका बसलाच तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ आणि टूथपेस्ट नको.

परदेशी नेताना यंत्रावरची चिठ्ठी वाचा. ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं लिहिलं असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर पुरतो; बरेच स्ट्रेटनर असे असतात. ड्रायर मात्र सहसा एकाच व्होल्टेजचे. ११० व्होल्टचा ड्रायर २३० वर लावला तर काही सेकंदांत जळतो, २३० चा ११० वर लावला तर नुसती कोमट झुळूक येते. अडॅप्टर पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. काही ड्रायरवर व्होल्टेज बदलायची खाच असते, ती नाण्याने फिरवायची. घरी परतल्यावर ती आठवणीने पूर्ववत करा, मगच प्लग लावा.