टाकीवर चित्र लवकर आणि नेमकं कसं उतरवायचं: एअरब्रश करणाऱ्यांसाठी

एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक रंग फवारणाऱ्या पेनाच्या, कामात वेळ खातं ते रंग मारणं नव्हे, चित्र जागेवर बसवणं. बुलेटच्या टाकीवर दोन्ही बाजूंना वाघाचा चेहरा काढायचा आहे असं धरा. तासभर खपून रेषा उतरवल्या, पांढऱ्याचा पहिला थर बसला आणि निम्म्या रेषा गडप झाल्या. मग पुन्हा अंदाजाने पेन्सिल, पुन्हा पुसापुशी, आणि डावा डोळा उजव्यापेक्षा दोन सूत वर. म्हणून चित्र पहिल्यांदा किती झटपट उतरलं याला फार महत्त्व नाही. तोच कागद हवा तेव्हा, हव्या तितक्या वेळा त्याच जागी परत बसला पाहिजे. खाली चार-पाच पद्धती दिल्या आहेत, पण खुणा नसतील तर त्यातली एकही वेगवान नाही.

आधी खुणा

टाकीवर चित्राच्या बाहेर तीन ठिकाणी मास्किंग टेपचे इंचभर तुकडे चिकटवा आणि प्रत्येकावर बारीक पेनने फुली काढा. तिन्ही खुणा एकसारख्या अंतरावर नकोत, वाकड्यातिकड्या त्रिकोणात हव्यात, म्हणजे कागद फिरवून लावायची चूक होणारच नाही. आता चित्राचा कागद टाकीवर नीट बसवा, कागदाखालची प्रत्येक फुली जिथे येते तिथे पेन्सिलने ठिपका द्या आणि ऑफिसात असतं त्या पंचिंग मशीनने तिथे भोक पाडा. मशीनचं तोंड कागदाच्या कडेपासून फार आत जात नाही, त्यामुळे खुणा कागदाच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत येतील अशाच ठरवा. पुढच्या वेळी कागद ठेवला की भोकाच्या बरोबर मध्यभागी फुली दिसली पाहिजे. तिन्ही भोकांत दिसली की कागद जागेवर आहे. हे टेपचे तुकडे शेवटच्या क्लिअर कोटच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) आधीच काढायचे. मध्ये रंग उडून फुली झाकली गेली तर ती लगेच त्याच जागी पुन्हा आखा, नंतर कशाला ठेवायचं.

हेल्मेटवर टेपबरोबर व्हायझरचे स्क्रू आणि खालची रबरी पट्टी या कायमच्या खुणा मिळतात. त्यांच्यापासून मोजलेलं अंतर कागदावर लिहून ठेवा.

कागद टाकीच्या मापाचा

सपाट कागदावरचं चित्र गोल टाकीवर बसत नाही, सुरकुत्या पडतात, आणि प्रत्येक सुरकुती म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची चूक. त्यामुळे चित्र काढण्याआधीच बटर पेपर टाकीवर अंथरून टेपने धरा, हाताने मधून कडेकडे दाबत न्या, टाकीची कड, मधली रेघ आणि गुडघ्याच्या रबराची जागा आखून घ्या. जिथे कागद गोळा होतो तिथे कडेकडून आत कात्री मारा आणि कडा एकमेकींवर चढू द्या, ब्लाउजला टक्स घालतात तसं. हा आराखडा सपाट पसरून त्यातच चित्र बसवायचं. कापलेली चीर डोळ्यावर किंवा अक्षरावर येणार नाही, गालाच्या केसांत किंवा रिकाम्या जागेत येईल असं बघा.

दुसऱ्या बाजूसाठी तोच कागद उलटा करून वापरता येतो. चेहरा उलटा झाला तर बिघडत नाही. पण चित्रात राजमुद्रा किंवा नाव असेल तर तेवढा भाग वेगळा, सरळच ठेवायचा. उजव्या बाजूला उलटी अक्षरं मारून झाल्यावर लक्षात येणं ही या धंद्यातली जुनीच फजिती आहे.

प्रिंट काढताना कोपऱ्यात बरोबर १० सेंटिमीटरची रेघ आखून ठेवा. झेरॉक्सवाला ‘फिट टू पेज’ लावतो आणि चित्र गुपचूप लहान होतं. हातात आल्या आल्या रेघेवर पट्टी ठेवा. ९.६ निघाली तर तिथेच परत काढून घ्या.

पृष्ठभाग

बेस कोट (चित्राखालचा मूळ रंग) मारल्यावर त्याच्यावर थेट काम न करता एक पातळ टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, क्लिअर मारून घ्या, पूर्ण वाळू द्या आणि ८०० नंबरच्या पाणपेपरने ओलं घासून चमक घालवा. यात एक दिवस जातो खरा, पण नंतर चित्र चुकलं तर पुसताना बेस निघत नाही, आणि चिकट स्टेन्सिल (कापलेला साचा) सोलताना रंगाचे पापुद्रे येत नाहीत. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की वरून सुकलेला वाटणारा थर आतून मऊच असतो. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ धरा. रंगात फास्ट, म्हणजे झटकन उडून जाणारं, थिनर नको, थर पांढुरका पडतो. टू-के मारताना साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, कार्ट्रिजवाला रेस्पिरेटरच लागतो.

एकच काम असेल तर: घरचा ग्राफाइट कागद

बाजारातला निळा कार्बन पेपर टाकीच्या जवळही आणू नका. त्यात मेण असतं आणि रंगही सुटतो. क्लिअर मारल्यावर निळा रंग वर झिरपतो आणि मेणाच्या जागी क्लिअर पसरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

त्याऐवजी ए४ आकाराच्या बटर पेपरवर ६बी पेन्सिल आडवी धरून पूर्ण कागद काळा करा. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब घेऊन ती पूड गोल गोल चोळत सारखी पसरवा. पाच मिनिटांत वाळते. मग कागद झटका आणि कोरड्या कापसाने हलकेच पुसा. उरलेली सैल पूड हीच डाग पाडते. एक कागद कितीतरी कामांना पुरतो, फिका पडला की पुन्हा पेन्सिल फिरवायची. काळ्या किंवा गडद बेससाठी हाच प्रकार कोरड्या पांढऱ्या पेस्टलने करा. ऑइल पेस्टल चालत नाही, कारण तेच, मेण आणि तेल.

हा कागद काळी बाजू खाली करून चित्राच्या कागदाखाली ठेवा आणि वरून रेषा ओढायला शाई संपलेलं बॉलपेन घ्या. हात हलका ठेवा. जोरात दाबलं तर थरात खाच पडते, आणि ती खाच क्लिअरखाली चमकदार रेघ होऊन कायम दिसते. आणि सगळं उतरवू नका. वाघाच्या चेहऱ्यात डोळ्यांचे कोपरे, बुबुळाचं वर्तुळ, नाकपुड्या, ओठांची रेघ, कानाची मुळं, डोक्याची बाहेरची कड आणि मोठे चार-पाच पट्टे, एवढं पुरे. मिशा, केस, बारीक पट्टे फ्रीहँडच मारायचे असतात. त्यांच्या रेषा उतरवणं म्हणजे अर्धा तास वाया, आणि त्या पेन्सिलीचा राखाडीपणा पांढऱ्या केसांत मिसळतो तो वेगळाच.

आता एक युक्ती. कागदावर डोळ्याभोवती तीन बाजू ब्लेडने कापा आणि चौथी बाजू तशीच ठेवा. झाली खिडकी. नाकाला एक, तोंडाला एक. पांढरा थर बसल्यावर कागद खुणांवर ठेवायचा, खिडकी उघडायची, आत डोळ्याच्या कडेला पातळ गडद रंगाचा एक हलका फवारा द्यायचा आणि खिडकी मिटायची. पेन्सिल न लावता डोळा परत जागेवर.

तेच चित्र दहा ठिकाणी: टोचलेला कागद

गणपतीच्या दिवसांत कोल्हापुरातल्या गंगावेश, शाहूपुरी कुंभार गल्ली किंवा बापट कॅम्पात एकाच नक्षीची प्रभावळ वीस मूर्तींवर मारायची असते, नाहीतर तालमीच्या मंडळाचे एकसारखे डझनभर फलक असतात. इथे प्रत्येक वेळी रेषा ओढत बसणं मूर्खपणाचं. रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदाचं तत्त्व वापरा.

जाड बटर पेपर घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवा आणि शिंप्याच्या दातेरी चाकाने रेषेवरून फिरवा. चाक जिथे वळत नाही तिथे बुचात खोवलेली सुई. वळणावर २ मिलिमीटरवर, सरळ रेषेत ४-५ मिलिमीटरवर भोक पुरतं. आता जी पायरी बहुतेक जण विसरतात ती: कागद उलटा करून ४०० नंबरच्या पेपरने हलकेच घासा. सुई मागच्या बाजूला कागदाचे ओठ उभे करते आणि त्यानेच भोक मिटतं. घासलं नाही तर पूड निम्म्या भोकांतूनच जाते आणि माणूस पुडीला दोष देतो.

जुन्या सुती मोज्यात पूड बांधून पुरचुंडी करा. फिक्या बेसवर कोळशाची पूड, गडद बेसवर फ्रेंच चॉक (शंखजिऱ्याची पांढरी पूड). पुरचुंडी आपटायची, घासायची नाही. घासली की ठिपके पसरून रेघ धुरकट होते. कागद सरळ वर उचलायचा. ठिपक्यांवरून एअरब्रशने बारीक रेघ मारून झाली की रंग न सोडता नुसती हवा, १० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास, मारून पूड उडवा. मागे राहिलेली पूड क्लिअरखाली कणकण दिसते.

कडक कडा हव्यात तर: रेडियमचं दुकान

अक्षरं, मुद्रा, नंबर, लोगो यांना हाताने स्टेन्सिल कापत बसू नका. गाड्यांचे स्टिकर करणाऱ्या रेडियमवाल्याकडे कटिंग प्लॉटर, म्हणजे फाइलवरून चिकट फिल्म कापणारं यंत्र, बहुधा असतो. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल न्या, अक्षरं कर्व्हजमध्ये (फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत) बदललेली, कारण तुमचा मराठी फॉन्ट त्याच्या कॉम्प्युटरवर नसला तर जोडाक्षरांची दैना होते. दीड-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवू नका, सोलताना तुटते. ‘फक्त कट करा, आतलं काढू नका’ असं स्पष्ट सांगा आणि ॲप्लिकेशन टेप, म्हणजे कापलेले तुकडे जागच्या जागी उचलून लावायची टेप, मागून घ्या.

नेहमीच्या रेडियमचा गोंद मात्र कायम चिकटून राहण्यासाठी केलेला असतो. ओरामास्क ८१३ सारखी स्टेन्सिलसाठीची फिल्म मिळाली तर उत्तम. तिचा गोंद हलका असतो आणि ती अर्धपारदर्शक असल्याने खालच्या खुणा दिसतात. नाही मिळाली तर साधं रेडियम आधी स्वच्छ जीन्सच्या कापडावर एकदा चिकटवून काढा, जोर कमी होतो. रात्रभर टाकीवर ठेवू नका. चिकटवताना वरची कड टेपने बिजागरीसारखी धरा, पाठीचा कागद थोडा थोडा सोडत जुन्या एटीएम कार्डाने मधून बाहेर दाबत या. साबणाच्या पाण्याची पद्धत मोठ्या सपाट पत्र्याला ठीक, स्टेन्सिलला नको. कडेखाली थेंब राहिला की रंग तिथेच आत शिरतो.

फवारा नेहमी काटकोनात, १५ ते २० पीएसआयवर, कोरडे हलके तीन-चार हात. एकाच ओल्या हातात झाकायला गेलं की रंग कडेखाली झिरपतो आणि कडेला जाड ओठ उभा राहतो. रंग हाताला लागेनासा झाला की लगेच, फिल्म स्वतःवरच उलटी दुमडत सोला.

एक्स-रेची स्टेन्सिल

घरोघरी पडलेल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मा फार कामाच्या. कडक असतात, थिनरने पुसल्या तरी टिकतात. धारदार ११ नंबरच्या ब्लेडने काचेवर कापा. लेझर कटिंगवाल्याकडे कापून घ्यायची असेल तर पॉलिस्टर फिल्म न्या. रेडियम किंवा पीव्हीसीचं काही लेझरखाली घालायचं नाही, त्यातून क्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो.

देवनागरीची इथे एक खास अडचण आहे. व, प, म, ष यांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो, हे सगळ्यांना कळतं. शिरोरेखेचं कळत नाही. शिरोरेखा सलग कापली की दोन अक्षरांमधली पट्टी वरून सुटते, फक्त खालून धरलेली राहते, आणि हवेने जिभेसारखी फडफडते. रंग तिच्याखाली जातो. म्हणून प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेखेत २ मिलिमीटरचा पूल सोडा आणि तो नंतर ब्रशने भरा.

टाकी पत्र्याची असेल तर स्टेन्सिल धरायला छोटी लोहचुंबकं सर्वांत सोपी. फायबरच्या हेल्मेटवर चुंबक धरत नाही, तिथे टेप. स्टेन्सिल मुद्दाम तीन-चार मिलिमीटर वर धरली तर कड मऊ येते, गालाच्या सावलीला छान.

प्रोजेक्टर

टेम्पोची बाजू, शटर, भिंत यांना याच्यासारखा वेग नाही, टाकीला मात्र निरुपयोगी. गोलाईवर पडलेलं चित्र फक्त प्रोजेक्टरच्या जागेवरून बरोबर दिसतं, बाजूने पाहिलं की ताणलेलं. शिवाय स्वतःचीच सावली आड येते. मोठ्या कामाला आधी एक आयत टाका, त्याचे दोन्ही कर्ण आणि समोरासमोरच्या बाजू मोजटेपने मोजा, त्या-त्या जोड्या सारख्या येईपर्यंत स्टँड हलवा. मग आयताचे चारही कोपरे पृष्ठभागावर आखून ठेवा. कुणाचा धक्का लागला तर कोपरे हललेले लगेच दिसतात. शक्यतो रात्री करा. पन्हळी पत्र्यावर रेषा घडीत तुटते, ती समोर उभं राहून हाताने जोडा.

वापरलेले कागद घडी घालून ठेवू नका, घडीवर पुढच्या वेळी रेघ सरकते. पीव्हीसी पाइपात गुंडाळून ठेवा, आणि बाहेरच्या कडेवर गाडीचं मॉडेल, डावी की उजवी बाजू आणि प्रिंटची टक्केवारी लिहा.