तेराव्यानंतर दुःखातल्या घराला सोबत कशी द्यावी

तेराव्यापर्यंत घरात माणूस मावत नाही. पाहुणे पांगले की घरचेच उरतात, आणि सोबतीची गरज तेव्हाच सर्वांत जास्त असते. म्हणून सुरुवात तिथून करा.

आधी भावकी-शेजारच्या दोन-तीन घरांनी बसून कोण कधी जाणार ते ठरवा. "काही लागलं तर सांगा" म्हणून निघून येऊ नका. कुणी सांगत नाही. "उद्या सकाळी येतो, बांधावर चक्कर मारू" असं म्हणा आणि खरंच जा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पहाटे किंवा ऊन उतरल्यावरच निघा. चालता चालता माणूस मोकळा होतो. नाही बोलला तरी सोबत चाला. नवरा गेलेली बाई घराबाहेर पडायला कचरते. तिला न्यायला बायांनीच जावं आणि सासूलाही बरोबर घ्यावं, म्हणजे घरातून अडवणूक होत नाही.

गेलेल्या माणसाचं नाव घ्या. विहीर खोदताना तो काय म्हणाला, कोणता बैल त्याचा लाडका होता, ते लेकरांसमोर सांगा. आत्महत्या झालेल्या घरात "कर्ज किती होतं?" हे विचारूच नका. आणि चौदा वर्षांच्या पोराला "आता तूच घरचा कर्ता" म्हणू नका. त्याला मित्रांबरोबर खेळायला पाठवा.

आठवणीचं झाड लावायचं तर पाऊस चांगला लागल्यावर लावा. कडुलिंब किंवा चिंच निवडा, ती कमी पाण्यावर तगतात. खड्डा दीड-दोन फुटांचा घ्या, रोपाशेजारी बुडाला बारीक छिद्र असलेलं मडकं पुरा. उन्हाळ्यात पाणी घालायच्या पाळ्या आत्ताच वाटून घ्या. आठवणीचं झाड वाळलं तर घरच्यांना पुन्हा चटका बसतो.

लातूर-धाराशिवकडे अशी सोबत द्यायला वेळ अमावस्येइतका चांगला दिवस नाही. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं, पण दुःखाचं घर पहिल्या वर्षी सण करत नाही, एकटंच मागं राहतं. त्यांना आपल्या शेतात बोलवा. पूजेचा आग्रह नको, फक्त पंगतीला बसवा. आंबिल, भज्जी, उंडे वाढा. जेवणं झाली की ज्वारीच्या कडेला बसून ज्याला वाटेल त्यानं एक आठवण सांगावी. कुणी रडलं तर घाईनं गप्प करू नका. पैठणकडच्यांनी हिवाळ्यात जायकवाडीवर पक्षी बघायला लेकरांना न्यावं.

वर्षश्राद्धाबरोबरच पोळा, दिवाळी आणि त्या माणसाचा वाढदिवस लिहून ठेवा; त्या दिवशी जाऊन या.

झोप-जेवण सुटलं, "मी तरी कशाला जगू" असं तोंडी आलं, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. नंबर नुसता लिहून देऊ नका, शेजारी बसून फोन लावून द्या.