‘अनकम्फर्टेबल’मधलं टेबल आधी बाहेर काढा

मराठी बोलताना आपण हा शब्द सर्रास वापरतो आणि दर वेळी त्यात एक टेबल आणून ठेवतो. फर-टे-बल! स्पेलिंगच्या शेवटची पाच अक्षरं हुबेहूब टेबलाचीच असल्यामुळे जिभेचाही फारसा दोष नाही. पण इंग्रज माणसाच्या उच्चारात तिथे टेबल नसतं.

आधी पेन्सिल घेऊन शब्द तोडा. पुढचा ‘अन’ हा उपसर्ग, मधला ‘कम्फर्ट’ हा मूळ शब्द, मागचा ‘एबल’ हा प्रत्यय. ‘टी’ हा कम्फर्टचा आणि ‘ए’ हा एबलचा. दोघं निव्वळ शेजारी. ‘कम’मध्ये ‘ओ’ दिसला म्हणून ‘कॉम’ म्हणू नका. कंपनी, कंपास यांत जसा ‘अ’, तसाच इथे.

शब्दकोशात तुकडे पाच दिसतील: अन, कम, फर्ट, अ, बल. ओळ संपली की शब्द कुठे तोडायचा, यासाठी ते ठीक. बोलताना मात्र बहुतेक वेळा चारच उरतात: अन-कम्फ-ट-बल. ‘फर’मधला स्वर चक्क गिळला जातो. यात इंग्रजीचा विचित्रपणा बघायला जाऊ नका, आपणही ‘माणूस’चं ‘माणसाला’ करताना ‘ऊ’ गिळतोच. फरक इतकाच, की आपण गिळलेलं लिहीत नाही. इंग्रजी लिहीत राहते. अमेरिकन लोक ‘अन-कम्फ-टर-बल’ म्हणतात, म्हणजे ‘र’ उडी मारून ‘ट’च्या पलीकडे जातो. ब्रिटिश उच्चारात पाच तुकडेही ऐकू येतात, अन-कम-फ-ट-बल. कुठलाही एक धरा, चालेल.

आता आघात. खरी गंमत इथेच आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो, इंग्रजीत एकाला झुकतं माप मिळतं आणि बाकीचे स्वर ढिले पडतात. टेबलावर (हे खरं टेबल) बोटाने चार टिचक्या मारा: हलकी, जोरात, हलकी, हलकी. जोराची ‘कम’वर. कम्फर्ट, कम्फर्टेबल, अनकम्फर्टेबल, तिन्हींत आघात ‘कम’वरच राहतो, उपसर्ग लागला म्हणून तो पुढे सरकत नाही. ‘ट’ मात्र अगदी निसटता म्हणायचा, ‘टे’ लांबवला की टेबल परत आलंच.

जीभ अडखळली तर शेवटाकडून चढा: बल… टबल… कम्फ्टबल… अनकम्फ्टबल. आरशासमोर दहा वेळा म्हणा. मग हीच रीत ‘अनबिलीव्हेबल’ला लावा: अन-बि-ली-व्ह-बल, जोर ‘ली’वर. ‘अनरीझनेबल’मध्ये तो ‘री’वर.

एक पथ्य: घरी ‘मला जरा अनकम्फर्टेबल वाटतंय’ म्हणताना हा सगळा खटाटोप करू नका. मराठी वाक्यात नेमका इंग्रजी उच्चार केलात, तर आई आधी विचारेल, ‘घसा बसलाय का रे?’