नवीन पानासाठी राऊट फाइल उघडायला लागू नये म्हणून

एका वाचनालयाची वेबसाइट मी लारावेलमध्ये (पीएचपीमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) करून दिली होती, अ‍ॅडमिन पॅनल वगैरे सगळं, आणि महिन्याभरात तिथल्या ग्रंथपाल बाईंचा फोन, "दिवाळी अंक योजनेचं एक पान टाकायचंय हो". मी राऊट फाइल (कुठला पत्ता आला की काय उघडायचं ते जिथे लिहितात ती) उघडली, एक ओळ लिहिली, एक ब्लेड फाइल (लारावेलमधला पानाचा साचा) बनवली, अपलोड केली. असं करत करत चाळीसेक ओळी झाल्या आणि त्यातली कुठली ओळ कुठल्या पानाची ते मलाच आठवेना. मग एका रविवारी सगळं उचकटून परत लावलं, ते कसं लावलं ते सांगतो. उदाहरण लारावेलचं आहे पण जँगोवाल्यांनीही (पायथनमधलं तसंच फ्रेमवर्क) वाचायला हरकत नाही, तिथेही राऊट वरून खालीच बघितले जातात.

आधी कोड नाही, कागद घ्या. साइटवरची सगळी पानं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न, हे पान कोण बदलणार? लॉगिन, शोध, सभासद नोंदणीचा फॉर्म यांच्यामागे लॉजिक आहे, म्हणजे ती तुमची, राऊट फाइलमध्ये राहतील. आमच्याविषयी, नियम, वर्गणीचे दर, योजना ही त्यांची, म्हणजे डेटाबेसमध्ये. बातम्या आणि कार्यक्रम अधलेमधले, त्यांचा राऊट तुमचा पण आतला मजकूर त्यांचा.

आता राऊटचा क्रम, इथेच सगळे आपटतात. लारावेल राऊट नोंदवलेल्या क्रमाने बघतं आणि जो पहिला जुळला तो घेतं. म्हणून सगळ्यात वर अ‍ॅडमिनचा ग्रुप (प्रीफिक्स, नावाचा प्रीफिक्स आणि ऑथ मिडलवेअर, म्हणजे लॉगिन झालंय का ते आधी तपासणारा कोड, एकदाच लावायचं, प्रत्येक ओळीला नाही), मग लॉगिन आणि शोध, मग बातम्या-कार्यक्रमांची यादी आणि तपशील, आणि अगदी शेवटी एकच कॅचऑल राऊट जो उरलेला कुठलाही पत्ता पेज कंट्रोलरकडे (डेटाबेसमधून पान शोधून दाखवणारा कोड) देतो. मी हा एकदा चुकून वर ठेवला तर लॉगिनचं पानच ४०४ ("पान सापडलं नाही"), कारण "लॉगिन" नावाचं पान तो बिचारा डेटाबेसमध्ये शोधत होता. अजून एक, राऊटच्या पॅरामीटरमध्ये (पत्त्यातला बदलता भाग) स्लॅश आपोआप चालत नाही, म्हणजे "योजना/दिवाळी-अंक" असा आत-आतला पत्ता हवा असेल तर राऊटला "व्हेअर" ही अट लावून "डॉट स्टार", म्हणजे काहीही चालेल, असं द्यावं लागतं, आणि असं ज्याला दिलंय तो राऊट शेवटीच पाहिजे नाहीतर बाकीचे उपाशी. पानाचा पूर्ण पत्ता टेबलात एका कॉलममध्ये ठेवा, आईबाप पानाचा स्लग (पत्त्यातला त्या पानाचा शब्द) बदलला की त्याच्या आतल्या पानांचे पत्तेही बदलायचे, ते पान सेव्ह करतानाच करून टाका.

याची उलटी बाजू पण आहे. बाईंनी उद्या "शोध" याच स्लगचं पान केलं तर ते कधीच दिसणार नाही, वरचा राऊट आधी पकडेल आणि त्यांना वाटेल सेव्हच झालं नाही. म्हणून राखीव शब्दांची यादी करा आणि व्हॅलिडेशनमध्येच (सेव्ह करण्याआधीची तपासणी) अडवा.

स्लगवरून आठवलं, मराठी शीर्षकांची एक गंमत. लारावेलच्या स्लग फंक्शनला (शीर्षकावरून स्लग बनवतं ते) लँग्वेज म्हणून नल, म्हणजे रिकामं, दिलं तर देवनागरी अक्षरं राहतात, पण ते फक्त अक्षरं आणि आकडे ठेवतं, काना-मात्रा-वेलांटी त्याच्या हिशोबात अक्षरं नाहीत, त्यामुळे "पाणीपुरवठा" चं होतं "पणपरवठ" आणि "वेळापत्रक" चं "वळपतरक". रेगेक्समध्ये (कुठली अक्षरं ठेवायची तो नमुना) काना-मात्रांची मार्कवाली कॅटेगरी वाढवून स्वतःचं फंक्शन लिहिता येतं. मी मात्र सरळ रोमन स्लग हाताने टाकायला लावतो, कारण देवनागरीचं एकेक चिन्ह लिंक कॉपी केल्यावर नऊ कॅरेक्टरचं होतं, नुसत्या "पाणी" ची छत्तीस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती लांबलचक टक्केवाली लिंक बघून लोक क्लिक करायला घाबरतात.

व्ह्यूचं, म्हणजे पान दिसतं कसं ते ठरवणाऱ्या ब्लेड फाइलींचं काय? लेआउट, तुकडे (हेडर, मेनू, फूटर), पानं आणि अ‍ॅडमिन असे चार फोल्डर पुरतात. पत्त्याप्रमाणे व्ह्यू फाइल करू नका, दिसण्याप्रमाणे करा. वाचनालयाची तीसेक पानं होती पण दिसण्याचे प्रकार मोजून तीन, साधं, फोटोवालं आणि तक्त्याचं. पेज टेबलात "टेम्प्लेट" कॉलम ठेवा, अ‍ॅडमिनमध्ये ड्रॉपडाउन द्या, आणि कुठली किल्ली कुठल्या फाइलला लागते ते कॉन्फिगमध्ये लिहा. टेबलातलं नाव थेट व्ह्यूला देऊ नका, कोणी भलतंच भरलं तर एरर, त्यापेक्षा यादीत नसेल तर साधं टेम्प्लेट उघडू दे. ब्लेडमध्ये बसून क्वेरी मारायची सवय असेल तर सोडा, मेनू प्रत्येक पानावर लागतो तर त्याला व्ह्यू कंपोजर (व्ह्यूला लागणारा डेटा दर वेळी आपोआप पुरवणारा कोड) करा आणि कॅशमध्ये (तयार करून ठेवलेली प्रत) ठेवा, पान सेव्ह झालं की कॅश उडवा.

ड्राफ्ट पानं यादीत लपवली आणि तपशिलात विसरलात तर लिंक माहीत असलेल्याला सगळं दिसतं, म्हणून "प्रकाशित" हा स्कोप (क्वेरीची तयार अट) पानाच्या मॉडेलवर एकदाच लिहून दोन्हीकडे तोच वापरा. प्रीव्ह्यूसाठी मुदतीची साइन्ड लिंक (सहीवाली, बदलली तर न चालणारी) मिळते, ती पुरे.

लिंका कुठेही हाताने लिहू नका, राऊटला नाव द्या आणि नावानेच बोलवा. आणि स्लग बदलला की जुना पत्ता रिडायरेक्ट टेबलात गेला पाहिजे, पेज सापडलं नाही तर ४०४ देण्याआधी तिथे बघायचं आणि ३०१ ने ("पत्ता कायमचा बदलला") नव्या पत्त्यावर पाठवायचं.

शेवटी "आर्टिसन राऊट:लिस्ट" ही सगळ्या राऊटची यादी दाखवणारी कमांड चालवून बघा, कॅचऑल एकच आहे ना आणि अ‍ॅडमिनच्या प्रत्येक राऊटला ऑथ लागलंय ना. लाइव्हला राऊट कॅश करत असाल तर दर वेळी कोड चढवल्यावर तो परत बनवा, नाहीतर लोकलला चालणारा नवा राऊट तिथे ४०४ देतो आणि तुम्ही तासभर डेटाबेसमध्ये चूक शोधत बसता, मी बसलोय.