पस्तिशीपुढील खेळाडूंची बेसबॉल लीग चालवताना

अमेरिकेत हौशी प्रौढांची लीग उभारताना संघांआधी मैदान आणि पंच ठरवावेत. कारण तळांमध्ये (धावकाने गाठायचे टप्पे, म्हणजे बेस) 90 फूट आणि पिचरपासून (चेंडू फेकणारा) होम प्लेटपर्यंत (फलंदाजाची जागा) 60 फूट 6 इंच अंतर असलेले मैदान रविवारी सकाळी मिळवणे, हेच सर्वांत अवघड काम असते. नियमांत वयाचा विचार हवा: हजर असलेल्या प्रत्येकाला फलंदाजीच्या क्रमात घ्यावे, मांडीचा स्नायू दुखावलेल्या खेळाडूसाठी बदली धावक मान्य करावा आणि कॅचरला (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) धडक देऊन धाव घेण्यास सक्त मनाई असावी. (पन्नाशीतला गृहस्थ दुसऱ्या तळाकडे धावताना स्वतःला विशीतलाच समजतो.) पिचरच्या खांद्यासाठी डावांची मर्यादा घालावी. मैदानभाडे, पंचांचे मानधन आणि विम्याचा हप्ता यांसाठीची वर्गणी हंगामापूर्वीच गोळा करावी. नंतर मागितलेले पैसे क्वचितच हाती येतात.